गळलेलं टिंब : पेंटरची पाटी आणि रेडियमची अक्षरं

आजीच्या क्रुसावर आम्ही 'चिरशांती लाभो' अशी अक्षरं लावली होती. लिहिली नव्हती, चिकटवली होती. दोन वर्षांपूर्वी, २ नोव्हेंबरच्या म्हणजे सर्व मृतांच्या दिवसाच्या आठवडाभर आधी, मावसभावानं मोबाइलवर मजकूर टाइप करून ऑनलाइन ऑर्डर दिली आणि काळ्या चकचकीत अक्षरांची पट्टी कुरिअरनं घरी आली. मागचा कागद काढायचा, अक्षरं दाबायची, वरचा टेप हळूच ओढायचा. पंधरा मिनिटांत काम झालं. दरवर्षी हे काम करणाऱ्या पेंटरकाकांना त्या वर्षी आम्ही बोलावलंच नाही. गेल्या ऑक्टोबरात क्रूस धुवायला गेलो तेव्हा 'शां'वरचं टिंब जागेवर नव्हतं. 'चिरशाती लाभो'. आई बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "तिला चाललं नसतं हे." आजी चौथीपर्यंतच शिकलेली, पण प्रार्थनेच्या पुस्तकात छपाईची चूक दिसली की पेन्सिलीनं दुरुस्त करून ठेवायची.

त्या टिंबाच्या मागे लागून हा लेख झाला. अनुस्वारच का गळला, शेजारचा काना का नाही, एवढाच प्रश्न घेऊन मी निघाले होते. त्यासाठी बेळगावात एका पेंटरशी, निपाणीत दुसऱ्या पेंटरशी आणि तिथल्याच एका रेडियमवाल्याशी बोलले. तिघांनीही "आमचं नाव छापू नकोस" असं बजावलंय, म्हणून नावं नाहीत. आपण साहित्याचे विद्यार्थी पुस्तकातली अक्षरं वाचतो. रस्त्यावरची फक्त पत्ता शोधण्यापुरती बघतो. मीही तेच करत होते.

आधी 'रेडियम' हा शब्द. आपल्याकडे दुकानात जाऊन कोणी 'व्हिनाइल लेटरिंग' मागत नाही. गाडीवर नाव घालायचं असो की दारावर पाटी, आपण 'रेडियम करून घेतो'. दुकानांची नावंसुद्धा 'अमुक रेडियम आर्ट'. मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये शोधलेल्या रेडियम धातूचा या प्लास्टिकशी काही संबंध नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घड्याळाच्या तबकड्यांवरचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियम घातलेला रंग वापरत. अमेरिकेतल्या कारखान्यांत हे आकडे रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. त्यातल्या कित्येक जणी त्या विषानं मेल्या. अंधारात चमकतं ते रेडियम, एवढीच आठवण भाषेनं ठेवली. पुढे गाड्यांवर प्रकाश परतवणारे स्टिकर आले, त्यांना तेच नाव चिकटलं, आणि मग जे जे चिकटतं ते सगळं रेडियम झालं. खरं तर परतवणाऱ्या स्टिकरमध्ये काचेचे बारीक मणी किंवा लोलक असतात, आणि साध्या रंगीत स्टिकरमध्ये तेही नसतात.

हे स्टिकर म्हणजे पीव्हीसीचा पातळ पापुद्रा आणि त्याच्या पाठीला गोंद. संगणकावर अक्षरं जुळवायची, मग कटिंग प्लॉटरची बारीक पाती त्या अक्षरांच्या कडेनं पापुद्रा कापत जाते. खालचा कागद मात्र कापत नाही. नको असलेला भाग चिमट्यानं सोलून काढायचा आणि उरलेल्या अक्षरांवर टेप लावून ती जशीच्या तशी उचलायची. पाट्यांसाठी हे यंत्र अमेरिकेतल्या गर्बर कंपनीनं १९८० च्या दशकात बाजारात आणलं आणि तिकडच्या पेंटरांचा धंदा काही वर्षांतच बसला. त्यावर 'साइन पेंटर्स' नावाचा एक माहितीपट २०१३ मध्ये आला आहे. आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं, पण आता टेबलावर मावणारी यंत्रंही मिळतात आणि मोबाइलवरून घरबसल्या तयार अक्षरं मागवता येतात. म्हणजे पूर्वी पेंटरची स्पर्धा रेडियमवाल्याशी होती, आता दोघांचीही स्पर्धा माझ्या मावसभावाशी आहे.

आता मूळ प्रश्न. देवनागरीत शिरोरेषेमुळे सगळा शब्द एकसंध असतो. 'लाभो' कापला तर त्याचा एकच तुकडा निघतो. ल, भ, काना, मात्रा सगळे एकमेकांना धरून असतात. पण त्यासाठी आधी संगणकावर काम करावं लागतं. फॉन्टमधली अक्षरं एकमेकांवर थोडी चढवून बसवलेली असतात. कागदावर छापताना ते दिसत नाही, पण प्लॉटरची पाती प्रत्येक अक्षराची कड वेगवेगळी कापते आणि शिरोरेषेत मध्येच चिरा पडतात. म्हणून कापण्याआधी कोरल ड्रॉमध्ये सगळी अक्षरं 'वेल्ड' करून एक करायची असतात. जाणता रेडियमवाला हे करतो. ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्याला देवनागरी वाचताच येत नसेल तर तो करत नाही, आणि महिनाभरात शिरोरेषेचे तुकडे खवल्यांसारखे उचलायला लागतात.

पण कितीही वेल्ड केलं तरी अनुस्वार शिरोरेषेला जोडता येत नाही. ते बेट आहे. निपाणीच्या रेडियमवाल्यानं मला हे कागदावर काढून समजावलं. टिंबाचा व्यास निम्मा केला की त्याची कड निम्मी होते, पण गोंदाची जागा पावच उरते. पीव्हीसी उन्हानं आकसतं, आकसताना कडेकडून सुटत जातं, आणि लहान तुकड्याला जागेच्या मानानं कड फार. म्हणून टिंब आधी जातं. आमच्या क्रुसाला तर दरवर्षी चुना. चुन्याची भुकटी गोंदाला धरूच देत नाही. बाकीची अक्षरं शिरोरेषेच्या आधारानं कशीबशी टिकली, टिंबाला आधार कोणाचाच नव्हता.

कन्नडचं मात्र वेगळं. तिथे अनुस्वार म्हणजे 'सोन्ने', आणि ते अक्षराच्या डोक्यावर न बसता ओळीतच अक्षराएवढं गोल होऊन बसतं, त्यामुळे ते गळत नाही. तिथे गळतात ते ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातला खाली लटकणारा भाग. 'अण्ण' लिहिलं असेल तर काही दिवसांनी 'अण' उरतं. शिवाय कन्नडला शिरोरेषा नाही, प्रत्येक अक्षराचा तुकडा वेगळा, म्हणून टेप ओढताना हात हलला की सगळी ओळ वाकडी. सीमाभागातल्या एकाच पाटीवर दोन भाषा अशा दोन वेगवेगळ्या जागी झिजतात. हे मला कोणत्याही लिपीशास्त्राच्या पुस्तकात मिळालं नसतं.

मराठीत अनुस्वार जाणं ही किरकोळ गोष्ट नाही. 'खंत'चं खत होतं, 'वंदन'चं वदन, 'पंत'ची पत, 'रंग'ची रग. खुद्द 'पेंटर'चा 'पेटर' होतो. आणि मी हा लेख ज्या बोलीच्या जवळच्या मराठीत लिहितेय, तिचा तर सगळा डोलारा या टिंबावर: 'अक्षरं'वरचं टिंब काढा, अनेक अक्षरांचं एकच अक्षर उरतं.

इथे एक गंमत आहे. आपल्या मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनानं मान्य केले आणि उच्चार नसलेले अनुस्वार गेले. 'नांव'चं 'नाव' झालं, 'कांहीं'चं 'काही'. बेळगावात जुन्या पेठांमधून फिरताना अजून एखाद्या लाकडी फळीवर 'बेळगांव' दिसतं, टिंबासकट. ते दिसलं की पाटी एक तर जुनी आहे किंवा जुन्या वळणाच्या पेंटरची आहे, असा अंदाज बांधता येतो. महामंडळानं निदान न उच्चारले जाणारेच अनुस्वार काढले होते. ऊन तो भेद करत नाही.

लिपीनं यंत्राशी जुळवून घ्यायचं की यंत्रानं लिपीशी, हा प्रश्न मात्र फार जुना आहे, आणि त्याचा संबंध आपल्यासारख्या ख्रिस्ती कॉलेजातल्या मराठीच्या विद्यार्थ्यांशी फारच जवळचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं, ते रोमन लिपीत. भाषा मराठी, वळण ओवीचं, पण अक्षरं रोमन, कारण छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. रोमनला मोजकीच अक्षरं पुरतात. देवनागरीला व्यंजन, काना-मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे पाडावे लागतात. पुढे विल्यम कॅरींचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला देवनागरीत छापलं गेलं, तरी त्यांचा १८१० चा मराठी कोश मोडीत होता. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे खिळे सुधारले, आणि त्याच छापखान्यात काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभा केला. देवनागरी अक्षराला धातूत नीट बसवायला असा दीर्घ काळ आणि इतकी माणसं लागली.

आता कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात जा आणि चिकटवायची तयार अक्षरं मागा. इंग्रजीचा तक्ता मिळेल, ए ते झेड, शिवाय आकडे. मराठीचा मिळत नाही. मिळेल कसा? 'ळ' किती लागतील, 'ज्ञा' एकच ठेवायचा की दोन, रफार वेगळा द्यायचा का? मग नवं दुकान काढणारा पोरगा इंग्रजी तक्ता घेतो आणि दुकानाचं मराठी नाव रोमन अक्षरांत काचेवर लावतो. स्टीफन्सना ज्या कारणानं रोमन घ्यावी लागली, जवळजवळ त्याच कारणानं. फरक इतकाच की त्यांना ते सलत तरी होतं असं मला वाटतं.

संगणकावर मराठी मिळते, पण तिथेही गोम आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकचे जुने फॉन्ट यांत जुळवलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की चिन्हांचा गोंधळ होतो. 'दुसऱ्या'मधला अर्धा र मोडून भलतंच काहीतरी उमटतं. युनिकोडनं हे बरंच सुधारलं. पण विंडोजमध्ये आलेला 'मंगल' फॉन्ट, जो आर. के. जोशी यांच्यासारख्या मराठी कवी-सुलेखनकारानं केला, त्यातला 'ल' हिंदी वळणाचा दंडाचा दिसतो, आपला पाकळीचा नाही. महाराष्ट्र शासनानं २०२२ मध्ये पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हेच मराठीचं वळण म्हणून पुन्हा मान्य केलं. निपाणीच्या पेंटरना हे सांगितलं तर ते हसले. "आम्ही दुसरा ल कधी काढलाच न्हाई की. सरकारला आत्ता कळलं व्हय?"

हे पेंटरमामा (निपाणीत सगळे त्यांना मामाच म्हणतात) ट्रक रंगवत मोठे झाले. पुणे-बेंगळूर हायवे गावाला लागून जातो, तंबाखूची पेठ, त्यामुळे ट्रक भरपूर. ट्रकच्या पाठीवर देवाचं नाव, मुलांची नावं, गावाचं नाव. शिवाय तंबाखूच्या वखारींची नावं, बिडीच्या जाहिरातींच्या भिंती, आणि निवडणुका. ते म्हणाले की त्यांचा पहिला मोठा फटका रेडियमचा नव्हताच. "शेषन आला आणि भिंती गेल्या." टी. एन. शेषन १९९० ते १९९६ मुख्य निवडणूक आयुक्त होते; सार्वजनिक भिंती रंगवण्यावर त्यांनी आचारसंहितेचा बडगा उगारला. निवडणुकीच्या दोन महिन्यांत वर्षाचे पैसे करणारे पेंटर बसून राहिले. मग फ्लेक्स आला, त्यानं वाढदिवस आणि जत्रा नेल्या. रेडियम सगळ्यात शेवटी आलं आणि त्यानं उरलेली किरकोळ कामं नेली: नंबर प्लेट, दारावरची नावं, गाडीची काच.

मी हे ऐकून रेडियमवाल्याकडे गेले ते जरा रागानंच. पण तोही सुखात नव्हता. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाली, मग कर्नाटकात जुन्या गाड्यांनाही ती लावायचे आदेश निघाले. केए २३ असो की सीमेपलीकडचा एमएच ०९, प्लेटवरचे आकडे आता कारखान्यातून ठोकून येतात. "माझा निम्मा धंदा त्या एका कायद्यानं नेला ताई," तो म्हणाला. "मी मामांचा नेला होता, माझा सरकारनं नेला." फ्लेक्सवर तर कर्नाटकानं मार्च २०१६ मध्येच कागदोपत्री बंदी आणली आहे, ती किती पाळली जाते ते कोणत्याही चौकात मान वर करून बघा.

मग पेंटरनं टिकायचं कसं? मामांनी भाव कमी करून बघितला. तो मार्ग चुकीचा आहे हे त्यांनाच आधी कळलं. ते म्हणाले, "भाव सांगितला की गिऱ्हाईक मोबाइल काढून दाखवतंय. हे बघा पेंटर, एवढ्यात घरपोच येतंय. मी म्हणतो, घ्या की मग. आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक परत येतंय, वाकडं चिकटलंय, जरा सरळ करून द्या म्हणून."

हिशेब मांडून बघू. समजा आठ फूट बाय दोन फूट पाटी आहे. पेंटर पत्रा घासणार, प्राइमर देणार, वाळू देणार, इनॅमलचे दोन हात देणार, प्रत्येक हात रात्रभर वाळणार, मग दोरीला खडू लावून सूत मारून अक्षरं आखणार, रंगवणार, सावली देणार. हाताला काम दीड दिवसाचं, पण पाटी लागायला चार-पाच दिवस. स्टिकर दोन-तीन तासांत लागतो. समजा स्टिकरची पाटी २,००० रुपयांना झाली आणि ४ वर्षं टिकली. पेंटरची ४,००० ला झाली आणि १० वर्षं टिकली. वर्षाला ५०० विरुद्ध ४००, म्हणजे पेंटर स्वस्त. हे आकडे मी हिशेबापुरते धरलेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. पण साधं स्वस्त व्हिनाइल तीन ते पाच वर्षांच्या बोलीवर विकतात आणि कास्ट प्रकारचं महाग व्हिनाइल त्याच्या दुप्पट टिकतं, एवढं खरं.

मला वाटलं, हाच मुद्दा पेंटरनी गिऱ्हाइकाला सांगावा. मामांनी तो तिथंच मोडला. "दुकानाचा करार अकरा महिन्यांचा. त्याला दहा वर्षांची पाटी कशाला?" बरोबरच आहे. ज्याला टिकाऊपणा नको त्याला आपण टिकाऊपणा विकत होतो. टिकाऊपणा कोणाला हवा? स्वतःची इमारत असलेल्या डॉक्टरला, शाळेला, देवळाला, सोसायटीला, विहिरीवर बापाचं नाव कोरणाऱ्या शेतकऱ्याला, आणि आम्हाला, क्रुसासाठी. मामा आता तीच कामं घेतात.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. स्टिकरला गुळगुळीत, कोरडी, स्वच्छ जागा लागते. रोलिंग शटरवर, जे दिवसातून दोनदा गुंडाळलं जातं, तो टिकत नाही. खडबडीत गिलाव्यावर, दगडावर, पाण्याच्या टाकीवर, ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या गंजक्या फळीवर टिकत नाही. आमच्या भागात शटर आणि ट्रॉल्या दोन्ही उदंड. बेळगावच्या पेंटरकाकांनी तर रेडियमवाल्याशीच जमवून घेतलंय. त्याच्याकडून अक्षरं कापून घेतात, पण उलटी: अक्षर सोलून टाकायचं आणि भोवतीचा भाग ठेवायचा. तो शटरवर चिकटवून मध्ये इनॅमल भरतात आणि स्टिकर ओढून काढतात. आखणीचा वेळ वाचतो, आणि राहतो तो रंग. मी विचारलं, यात हाताची कला कुठे राहिली? काका जरा चिडलेच. "कला संध्याकाळी घरी करतो. इथं शटर करतो." मला अजून हे पूर्ण पटलेलं नाही, पण घर त्यांचं चालायचंय, माझं नाही.

तिसरी गोष्ट भाषा. सीमाभागातल्या पेंटरला मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही लिपी हातात असाव्या लागतात. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, तेव्हा इंग्रजी पाट्यांवर सात अक्षरांच्या जागी आठ बसवायची वेळ आली. रेडियमवाल्यांनी आठही अक्षरं चेपून अरुंद केली. पेंटरनी दोन अक्षरांमधली हवा कमी केली. जुन्या पाट्या शेजारी शेजारी बघितल्या तर हा फरक डोळ्याला कळतो. २०२४ मध्ये कर्नाटकानं कायद्यात दुरुस्ती करून पाटीवर ६० टक्के कन्नड, आणि तेही वरच्या भागात, असं ठरवलं. महाराष्ट्रानं २०२२ मध्ये दुकानांच्या पाटीवर मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको असा नियम केला. दोन्हीकडे मोजमाप आहे टक्क्याचं आणि उंचीचं. अक्षर शुद्ध आहे का, हे कोणी मोजत नाही. आणि पाटीवरून इथे काय काय होऊ शकतं हे आपल्याला सांगायला नको. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरची पाटी काढली तेव्हाचे दिवस आपल्या घरच्यांना आठवत असतील. त्या वादात मी इथे शिरत नाही. पेंटरकाकांनी मात्र एक प्रश्न विचारला तो लिहून ठेवते: "साठ टक्के म्हणजे जागेचे की अक्षरांचे? कन्नड अक्षर आडवं पसरतं, मराठी उभं वाढतं. मोजायचं कसं?" असा नियम आला की घाईनं पाट्या बदलतात, आणि घाईचं काम रेडियमकडे जातं. जुन्या रंगवलेल्या मराठी पाटीवर कन्नड स्टिकरची पट्टी, असं दृश्य बेळगावात जागोजागी आहे.

शेवटी सहीबद्दल, कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला तीच जास्त दिसणार. रंगवलेल्या पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरचं नाव असतं. संतकवी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घालत, तशी. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. तिथे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले, धंद्याचंच आडनाव झालं, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढून ते मराठी चित्रपटाच्या इतिहासात गेले. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत आजही 'पेंटर' हे नावच आहे, माणूस ब्रश धरत असो वा नसो. नाटकांच्या जाहिरातींतली नावं काढणारे कमल शेडगे २०२० मध्ये गेले, तेव्हा एका अक्षरकारासाठी मराठी वर्तमानपत्रांनी लिहिलं. दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांच्या अक्षरांचे फॉन्ट केले आणि त्या फॉन्टना पेंटरांचीच नावं दिली, 'पेंटर कफील' वगैरे. ते २०२४ मध्ये वारले. तो उपक्रम मला फार आवडतो, तरी मनात एक पाचर राहते: पेंटरच्या हातचं अक्षर एकदा फॉन्ट झालं की ते प्लॉटरवर कापता येतं. स्टिकरच्या पाटीला मात्र सही नसते. चूक झाली तर विचारायचं कोणाला?

आमच्या क्रुसाचं विचारायला आम्हाला माणूस होता. ३० ऑक्टोबरला आई आणि मी पेंटरकाकांकडे गेलो, जरा ओशाळूनच. एक तारखेला शहरात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे सगळे क्रूस ३१ पर्यंत उरकायचे असतात आणि काकांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. "स्टिकर लावलात नव्हं?" एवढंच ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आले.

उरलेली अक्षरं त्यांनी गरम पाण्याच्या फडक्यानं सोडवली, गोंद टर्पेंटाइननं काढला, सुटा चुना खरवडला, मग अस्तर देऊन दुपारपर्यंत थांबले. आखणी केली नाही. एक काठी टेकवली, तिच्यावर मनगट ठेवलं आणि सरळ 'चि' काढला. 'शां'पाशी थांबून मला विचारलं, "शान्ती अर्धा न घालून लिहू? म्हणजे टिंबाची भानगडच नको."

मी म्हटलं, "नको काका, आजी अनुस्वारच द्यायची."

टिंब त्यांनी सगळ्यात शेवटी दिलं. ब्रश उभा धरून, टेकवून, जागच्या जागी अर्धा फिरवून. मी सहीबद्दल विचारलं तर म्हणाले, क्रुसावर आपलं नाव घालायचं नसतं. "उद्या सकाळपर्यंत हात लावू नका, आणि मेणबत्ती जरा लांब लावा." आईनं पैसे विचारले. स्टिकरला दिले होते त्यापेक्षा तीस रुपये जास्त.